बोगद्यातली गाडी

आमच्या मामांएवढा वेळ वाया घालवलेला माणूस अख्ख्या जोयडा तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि वाया घालवलेल्या वेळातून त्यांच्याएवढं सुख काढलेलाही कुणी झाला नाही, हे मी रामनगरच्या बाजारात आमच्या कापडाच्या दुकानात बसून, गिऱ्हाइकांच्या देखत, कुणाचीही भीड न ठेवता सांगत असतो. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या खानापूरकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. कॅसलरॉकला, स्टेशनच्या खालच्या अंगाला त्यांची पिठाची गिरण होती. आम्ही पिढीजात दुकानदार, घड्याळ बघून जेवणारी माणसं. आमच्या घरातली लेक दिली गेली ती अशा माणसाला, जो गिऱ्हाईक दारात उभं असताना गिरण बंद करायचा आणि आत जाऊन टीव्हीवर चांदणी फिरवत बसायचा. माझे वडील म्हणायचे, "घर बघितलं, गिरण बघितली, शेत बघितलं. डोस्कं तेवढं बघायचं ऱ्हायलं."

या सगळ्याला कारण मडगावकडचा त्यांचा एक दोस्त. तो बोटीवर नोकरीला होता आणि रजेवर आला की जंगलातल्या मधासाठी गाडीनं घाट चढून मामांकडे यायचा. एका खेपेला त्यानं आपल्या पोरांनी अडगळीत टाकलेला काँप्युटर उचलून आणला. काळा, पाटीएवढा, वर करड्या रबराची बटणं. बरोबर लहानसा रंगीत टीव्ही, कॅसेट वाजवायचा टेप, एक इंग्रजी पुस्तक आणि चार-दोन कॅसेटी. हे सगळं मधाच्या दोन डब्यांच्या बदल्यात. आत्याला मध गेल्याचं पुष्कळ दिवस वाईट वाटत होतं. मामा मात्र मॅट्रिकचं इंग्रजी पणाला लावून ते पुस्तक वाचायला बसले ते जवळजवळ पावसाळाभर उठलेच नाहीत. त्या यंत्राची तऱ्हा अशी, की बंद केलं की ते शिकवलेलं सगळं विसरायचं. म्हणून जे शिकवलं ते कॅसेटवर आवाजाच्या रूपात भरून ठेवायचं, आणि पुन्हा चालू केलं की तो आवाज त्याला पहिल्यापासून ऐकवायचा. मामा हे समजावून सांगायचे, "आमच्या म्हातारीवानी हाय. झोपून उठली की सगळं इसरती. मग तू कोण, मी कोण, हितनं सुरुवात."

आलेल्या कॅसेटींपैकी एकीत 'डेमो' होता. त्याचा उपयोग काहीच नव्हता. यंत्राची आणि ते चालवणाऱ्याची करामत दाखवायची, एवढंच. रंगीत पट्टे हलायचे, एक चेंडू उड्या मारायचा, आणि शेवटी खालून कुठल्याशा परक्या भाषेतली अक्षरं सरकत जायची. मामांनी ती अक्षरं पुन्हा पुन्हा बघितली आणि ठरवलं, की हा माणूस आपल्या ओळखीच्या लोकांना नमस्कार सांगतोय. मग त्यांनी स्वतः डेमो करायला घेतले, पहिला गरगर फिरणाऱ्या चांदणीचा, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या शेवटी, एकेक अक्षर स्वतः घडवून, 'सर्व गिऱ्हाइकांना गिरणीतर्फे नमस्कार' असं सरकायला लागलं. त्यांना आयुष्यभर वाटत होतं की असलं खूळ जगात फक्त दोघांना आहे, एक तो चेंडूवाला आणि एक आपण.

त्या दिवसांत कॅसलरॉकला टीव्हीवर काही म्हणजे काही दिसायचं नाही. चहूबाजूंनी डोंगर. मामांनी फणसावर बांबू बांधून त्याच्या टोकाला अँटेना लावून बघितला, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्यामुळे गावात टीव्ही एकच, आणि त्यावर कार्यक्रम फक्त मामांचे. स्टेशनवर रूळ बदलणाऱ्या पॉइंटमनची बायको एकदा बेळगावला बहिणीकडे जाऊन आली आणि आत्याजवळ तक्रार करायला लागली, "अक्का, तिथल्या टीव्हीत नुसती माणसं बोलत बसत्यात गे. चांदणी कवा येणार म्हणून इचारलं, तर सगळी फिदीफिदी हसाय लागली." मामांना हा आपल्या कलेचा केवढा मोठा सन्मान वाटला! तेव्हापासून पॉइंटमनच्या घरचं दळण ते आधी काढून द्यायला लागले.

बाकीच्यांचं दळण मात्र रखडायचं. गिरणीची मोटर आणि टेप एकाच वायरीवर. मोटर सुरू झाली की विजेचा दाब कमी व्हायचा, टेप संथ फिरायचा, आवाज घोगरा व्हायचा आणि यंत्र गोंधळून बसायचं. म्हणून कॅसेट लागली की गिरण बंद. त्या कॅसेटचा आवाजही असा किंचाळणारा, की स्टेशनवर गाडीची वाट बघणारी परकी माणसं दचकून उठायची. एकदा दिग्गीची एक बाई नाचणीचं ओझं घेऊन आली. मी तिथंच होतो. "मामा, गिरण कवा चालू करणार? मला दिग्गीला चालत जायाचं हाय."

"थांब गे बाई, चांदणी याय लागल्या."

"कुठनं?"

"टेपातनं."

बाई कपाळाला हात लावून खाली टेकली. थोड्या वेळानं पडद्यावर चांदणी उगवली, गरगर फिरली, लाल झाली, पिवळी झाली, आणि गिरणीतर्फे नमस्कार सरकून गेला. मामा उठून गिरणीकडे निघाले, तर बाई म्हणते कशी, "नाचणी कुठं पळून जाती का? परत एकदा फिरवा की." मी तोंडात बोटं घातली. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला एवढा वेळ बसवलं असतं, तर ते उठून समोरच्याकडे गेलं असतं.

त्या यंत्रात चित्र यायचं तेही आवाजाबरोबर ओळीओळीनं. आधी सगळं काळंपांढरं, वरून खाली, आणि अगदी शेवटी झरझर रंग भरायचे. आत्यानं स्वयंपाकघरातून हे इतक्यांदा ऐकलं, की पडद्याकडे न बघता तिला कळायचं काय चाललंय ते. भाकरी थापता थापता ती म्हणायची, "आता रंग याय लागला," आणि आत खरोखरच रंग यायचा. कधी मधेच हात थांबवून ओरडायची, "अवं, चुकलं बघा. परत लावा." मामा आज्ञाधारकपणे परत लावायचे. या एका बाबतीत त्यांनी बायकोशी कधीही वाद घातला नाही.

हळूहळू मामांना सगळं जग ठिपक्यांत दिसायला लागलं. समोरच्या माणसाकडे डोळे बारीक करून बघायचे आणि मनातल्या मनात त्याचे चौकोन पाडायचे. मला मुलगी बघायला गेलो तेव्हा वडीलधारे म्हणून मामा बरोबर होते. मुलगी चहा घेऊन आली, आणि मामा मान तिरकी करून म्हणाले, "बरी हाय. चेहरा सरळ हाय, कमी जागेत काढता यील." माझ्या वडिलांनी खाली बघितलं. पण मुलगी पदर तोंडाला लावून खदखदून हसली, आणि त्या हसण्यावरच माझं लग्न ठरलं. बायकोला आजही कुणी सुंदर म्हटलं तर ती सांगते, "कमी जागेत बसते म्हणून."

चित्राचा आराखडा मामा गोणपाटावर काढायचे. पोतं उसवून जमिनीवर पसरायचं आणि त्याच्या विणीतल्या एकेका घरात कोळशानं एकेक ठिपका द्यायचा. कागद का नाही, असं विचारलं तर म्हणायचे, "पावसात कागदाचा लगदा व्हतोय. पोतं पोतंच ऱ्हातंय." एकदा काय झालं, की मामांच्या गैरहजेरीत आत्यानं ते पोतं पुन्हा शिवलं आणि कुळगीच्या एका पाहुण्याला त्यातून कोंडा भरून दिला. मामा दुसऱ्या दिवशी बस बदलत बदलत कुळगीला. तिथं पोतं गोठ्याच्या दाराला पावसाची झड अडवायला टांगलेलं, आणि एक कोपरा म्हशीनं चघळलेला. मामांनी गोठ्यात उकिडवं बसून ठिपके मोजून घेतले आणि घरी आले. चघळलेल्या कोपऱ्यात दुधसागरचा धबधबा होता. म्हणून मामांच्या पडद्यावरचा दुधसागर शेवटपर्यंत जरा अरुंद राहिला. "त्यो भाग म्हशीनं खाल्लाय," असं ते प्रेक्षकांना प्रामाणिकपणे सांगत.

धबधब्यापर्यंत मजल गेली कारण मामांनी आता मोठं काम हातात घेतलं होतं. जुने रूळ काढून रुंद रूळ घालणार, काही महिने गाडी बंद राहणार, अशी बातमी स्टेशनवरून आली. कॅसलरॉकला गाडी बंद म्हणजे भाजी बंद, औषध बंद, पाहुणे बंद. आणि आमची ती लहानखुरी गाडी, पुढं एक इंजिन, ढकलायला मागं एक इंजिन, घाटाखालच्या कुळ्याहून धापा टाकत वर चढणारी, ती तर कायमचीच जाणार. याच गाडीनं आत्या नवरी होऊन कॅसलरॉकला आली होती. मामा म्हणाले, "जायची ती जाऊ दे. पर जायच्या आदी एकदा मी तिला चढवून दावतो. चवथीला गणपतीच्या मंडपात, सगळ्या गावाम्होरं." त्यांनी आयुष्यात एवढं मनापासून दुसरं काही मागितलं नसेल. चवथीच्या आत गाडी पडद्यावर चढली पाहिजे, आणि ती सगळ्या गावानं एकत्र बसून बघितली पाहिजे.

नुसती गाडी नव्हे. डब्यांच्या खिडक्यांत गावातली माणसं. एक ठिपका म्हणजे एक माणूस. हे कळलं मात्र, आणि गिरणीत दळणाशिवाय गर्दी व्हायला लागली. कुणाला दाराजवळ बसायचं होतं, कुणाला धबधब्याच्या अंगाला, कुणाला माहेरच्या माणसांशेजारी. आत्याला पहिल्या डब्यात खिडकी, कारण तिला गाडी लागते. मामा स्वतः मागच्या इंजिनात, ढकलायला. मी या पोरखेळाची यथेच्छ थट्टा करत होतो आणि जाता जाता मलाही एक ठिपका ठेवायला सांगितला. कोपऱ्यातला का होईना.

शेजारचे दोन भाऊ, थोरला अण्णा आणि धाकटा, एकाच खिडकीत बसवले होते. मधेच त्यांचं बांधावरच्या फणसावरून वाजलं, आणि अण्णा तणतणत गिरणीत आला. "मामा, मला त्याच्यासंगं बसवू नका."

"आरं, मधी एक ठिपका मोकळा हाय की."

"न्हाई. त्याचा डबा बदला. न्हाईतर मी उतरतो."

बिचाऱ्या मामांनी धाकट्याला शेवटच्या डब्यात नेऊन बसवलं. गावची भांडणं आता गाडीतही शिरल्यामुळे त्यांना मनस्ताप झाला खरा, पण मला वाटतं थोडा अभिमानही वाटला.

खरी अडचण जागेची. यंत्राच्या डोक्यात मावायचंच किती! धबधबा घातला की डबा बाहेर, डबा घेतला की झाडं बाहेर. गिरणीत रोज त्याच्यावर चर्चा. झाडं काढा, डोंगर काढा, पण मागचं इंजिन काढायचं नाही, यावर मात्र गावाचं एकमत होतं. एके दिवशी मामा माझ्या दुकानात धावत आले. एरवी ते रामनगरला यायचे ते गिरणीच्या पट्ट्याच्या कामाला. घामाघूम होऊन म्हणाले, "बोगदं! घाटात बोगदं किती हायत! बोगद्यात काय दिसतंय? अंधार. अंधाराला जागा लागत न्हाई गा!" आणि पाणीसुद्धा न पिता परतीच्या गाडीला गेले. तेव्हापासून त्यांची गाडी दर थोड्या वेळानं बोगद्यात शिरायला लागली, पडदा काळाकुट्ट, आणि वाचलेल्या जागेत त्यांनी एक गंमत बसवली. शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडलं की कॅसलरॉक. आणि स्टेशन दिसलं की खिडक्यांतले सगळे ठिपके एकदम उठून उभे राहणार, उतरायला. हे कुणी बघितलेलं नव्हतं. मामा गावभर एवढंच सांगत सुटले, "शेवटच्या बोगद्यातनं भायर आली की मज्जा हाय. त्याच्याआदी कुणी उठायचं न्हाई."

कॅसेटींची मात्र एक वेगळीच तऱ्हा होती. आमच्या पावसात चामड्याच्या चपलेवर अळंबी उगवतात, तिथं कॅसेटची काय कथा! म्हणून आत्या त्या कॅसेटी कोकमाची सोलं आणि सुक्या बांगडा मासळीबरोबर चुलीवरच्या शिंकाळ्यात ठेवायची. धुरानं काळ्या पडायच्या, वास मारायच्या, पण चालायच्या. या गाडीसाठी मात्र मामांनी बेळगावहून नवी कोरी कॅसेट आणली आणि जाहीर केलं, "ही बांगड्यांत ठेवायची न्हाई. ही लोखंडी पेटीत." आधीची, अर्धवट गाडीची कॅसेट त्यांनी टाकून दिली. आत्यानं ती उचलली आणि परत शिंकाळ्यात ठेवली.

चवथीच्या पाचव्या दिवशी संध्याकाळची आरती झाली आणि मंडपात गणपतीच्या बाजूला टीव्ही मांडला. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. सगळं गाव आलं होतं. अण्णा एका टोकाला, धाकटा दुसऱ्या. मीही रामनगरचं दुकान लवकर बंद करून आलो होतो, हे सांगायला हरकत नाही. मामांनी पेटीतून कॅसेट काढली, लावली. आवाज सुरू झाला, आणि बायकांच्या बाजूनं आत्या म्हणाली, "बुरशी धरल्या." मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पडद्यावर चार तिरक्या रेघा आल्या आणि सगळं थांबलं. परत लावली. परत तेच. मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, गाडी लेट हाय काय?" लोक हसले. मामांचा चेहरा असा झाला, की मला हसू आलं नाही.

आत्या उठून भर पावसात घरी गेली आणि पदराखाली ती जुनी कॅसेट घेऊन आली. मंडपात बांगड्याचा खमंग वास पसरला. एक म्हातारे नाकाला उपरणं लावून म्हणाले, "देवाम्होरं हा वास कशाचा गा?"

"गाडी गोव्यास्नं येती," आत्या म्हणाली. "वास येणारच."

आणि गाडी आली. आधी आभाळ, मग डोंगर, मग डबे, खिडक्या, खिडक्यांत आम्ही, सगळे काळेपांढरे. मग आत्यानं "आता" म्हटलं आणि रंग धावत आले. मंडपात एकच गलका उठला. जो तो आपला ठिपका दाखवत होता. धाकट्याचा डबा बदलला होता तो फक्त नव्या कॅसेटवर, त्यामुळे हिच्यात अण्णा आणि धाकटा अजून एकाच खिडकीत बसले होते. अण्णा रागानं उठायला लागला, तर दहा जणांनी त्याला खाली ओढलं, "बस की! शेवटच्या बोगद्याआदी उठायचं न्हाई." गाडी बोगद्यात शिरायची, पडदा काळा व्हायचा, लोक श्वास रोखायचे, गाडी बाहेर आली की सुस्कारे. अरुंद दुधसागर मागं गेला. शेवटचा बोगदा आला. गाडी आत गेली. अंधार झाला.

अंधार झाला तो पडद्यावर, आणि मंडपातही. करंट गेला होता. पण कुणाच्या ते ध्यानातच आलं नाही हो! अख्खं गाव काळोखात गप्प बसून होतं, समईच्या उजेडात, गाडी बाहेर यायची वाट बघत. बऱ्याच वेळानं कुणीतरी हळूच म्हणालं, "बोगदा लांब हाय नव्हं?" दुसऱ्यानं सांगितलं, "शेवटचा लांबच हाय." करंट गेला म्हणजे यंत्र सगळं विसरलं, हे त्या मंडपात आठवलं ते फक्त मामांना आणि आत्याला. कितीतरी वेळानं करंट आला, तोही असा उसळून, की मंडपातला बल्ब फुटला आणि यंत्रातून वांगं भाजल्यासारखा वास आला.

ते यंत्र पुन्हा चालू झालं नाही. बेळगावच्या दुकानदारानं ते उलटंपालटं करून विचारलं, "खेळणं आहे का?" बोटीवरचा दोस्त तिकडेच कुठंतरी स्थायिक झाला. रूळ रुंद झाले, नवी मोठी गाडी आली, मागोमाग डिश आली, आणि कॅसलरॉकच्या टीव्हीतही नुसती माणसं बोलत बसायला लागली. मामा वेळेवर गिरण चालू करायला लागले. हिशोबी माणूस म्हणून मला याचा आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. रस्त्यात कुणी भेटलं की विचारायचं, "मामा, गाडी भायर आली का?" आणि मामा हसून म्हणायचे, "बोगदा लांब हाय." चवथीच्या त्या संध्याकाळी अण्णा आणि धाकटा एकाच छत्रीतून घरी गेले, असं लोक सांगतात. फणसाचं भांडण मात्र मिटलं नाही.

मामा गेल्यावर मला कुणीतरी सांगितलं, की परदेशात असली खुळी माणसं खूप आहेत. जुन्या यंत्रांवर बिनउपयोगाचे डेमो करतात, एका जागी जमून एकमेकांना दाखवतात, आणि शेवटी न चुकता सगळ्यांना नमस्कार पाठवतात. ऐकून माझे डोळे भरून आले. मामांना हे कळायला पाहिजे होतं. त्यांनी लगेच त्या सगळ्यांना गिरणीतर्फे नमस्कार पाठवला असता.

गेल्या खेपेला कॅसलरॉकला गेलो तेव्हा दुपारची वेळ होती. आत्या आता थकली आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. मला म्हणाली, "बस. गाडी बघून जा." मला काही समजेना. तिनं शिंकाळ्यातून ती काळी पडलेली कॅसेट काढली, टेपात घातली, आणि बटण दाबून भिंतीला टेकून डोळे मिटले. घरभर ते किंचाळणं सुरू झालं. समोर टीव्ही नाही, यंत्र नाही. आत्या हळूहळू सांगत होती, "आभाळ आलं... डोंगूर... हे डबं... खिडक्या आल्या... हा तू, कोपऱ्यात... हे मागच्या इंजिनात." जरा थांबून म्हणाली, "रंग आला." पुढं पुष्कळ वेळ नुसता आवाज. मधूनमधून ती मान हलवायची, बोगदा आला असेल. मग आवाज एकाएकी थांबला आणि टेप नुसताच फिरत राहिला. आत्याचे डोळे मिटलेलेच.

"आली भायर," ती म्हणाली. "सगळी उठली बघ."

मग मीही उठून उभा राहिलो. सगळे उठल्यावर आपण एकट्यानं बसून राहणं बरं दिसत नाही.